लुटुपुटीचा खेळ

एखादी वस्तू, व्यक्ती किंवा प्रसंग प्रत्यक्षाहून निराळा आहे असे जाणूनबुजून मानून मुले जो खेळ खेळतात, त्याला लुटुपुटीचा किंवा प्रतीकात्मक खेळ म्हणतात. भातुकली, बाहुला-बाहुलीचे लग्न, शाळा-शाळा ही त्याची महाराष्ट्रातील परिचित रूपे होत. दीड वर्षाच्या आसपास हा खेळ दिसू लागतो आणि तिसऱ्या ते सहाव्या वर्षांत ऐन भरात असतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ प्याजे यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात सव्वा वर्षाच्या स्वतःच्या मुलीचे निरीक्षण नोंदवले आहे. झालरीच्या कडांमुळे उशीसारखे वाटणारे एक कापड हाती धरून, अंगठा चोखत ती आडवी झाली आणि मधूनमधून डोळ्यांची उघडझाप करीत खूप हसली. झोपेचे सोंग आपणच वठवीत आहोत हे तिला ठाऊक होते, हे त्या हसण्यावरून कळते. प्याजे यांच्या मते अशा खेळात मूल वास्तवाला आपल्या इच्छेप्रमाणे वाकवते.

रशियन मानसशास्त्रज्ञ ल्येव व्हिगोट्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात याच खेळातील नियमांवर भर दिला, आणि ती बाजू अधिक फलदायी ठरली. काठीचा घोडा होतो, पण पोस्टकार्डाचा होत नाही, कारण त्यावर मांड ठोकता येत नाही. भातुकलीत चुरमुऱ्यांचा भात पाहुण्यांना वाढेपर्यंत तोंडात टाकायचा नसतो. एरवी आईने दटावूनही न पाळला जाणारा संयम येथे मूल आपखुशीने पाळते, कारण यजमानीण अशी वागत नसते. मनुइलेंको यांच्या १९४८ मधील सोव्हिएत प्रयोगातही पहारेकऱ्याची भूमिका घेतलेली लहान मुले नुसत्या सूचनेपेक्षा अधिक वेळ निश्चल उभी राहिली.

केळे कानाला लावून बोलणारे मूल केळे आणि टेलिफोन यांची गल्लत करीत नाही. या क्षमतेत दुसऱ्याच्या मनातील समजुती ओळखण्याचे मूळ आहे, असे प्रतिपादन ॲलन लेस्ली यांनी १९८७ मध्ये केले. स्वमग्न मुलांमध्ये असा खेळ आपणहून क्वचितच दिसतो, म्हणून लहान वयातील तपासणीत त्याविषयी मुद्दाम विचारले जाते.

मात्र या खेळाने बुद्धी किंवा सर्जनशीलता वाढते, हे खेळण्यांच्या जाहिरातींत सर्रास आढळणारे विधान सिद्ध झालेले नाही. अँजेलिन लिलार्ड व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध संशोधनाची छाननी केली, तेव्हा कार्यकारणसंबंध ठामपणे दाखवील असा पुरावा अपुराच निघाला. भाषा किंवा कथाकथन यांबाबत तो थोडा आश्वासक होता, इतकेच. शिवाय मेक्सिकोतील युकातानच्या माया समाजात, सुझान गॅस्किन्स यांच्या निरीक्षणानुसार, मुले असा खेळ तुलनेने कमी खेळतात आणि जे खेळतात त्यात बहुधा मोठ्यांच्या रोजच्या कामांचीच नक्कल असते.