प्रोस्टेट कॅन्सरची तपासणी आणि संशोधनाचा निधी: संसदेकडे अर्ज कसा करायचा

सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली ग्रंथी, त्या यादीत नाही. आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजनेचा उपयोग मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर होतो. त्रास नसलेल्या माणसाला ओपीडीत पीएसएची (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं आणि कॅन्सरमध्ये बहुधा वाढणारं प्रथिन) रक्ततपासणी करायची तर पैसे बहुधा खिशातूनच जातात. हे बदलणं लोकप्रतिनिधींच्या हातात आहे आणि त्यांच्यापर्यंत मागणी पोहोचवण्याची रीतसर वाट सगळ्यांना खुली आहे.

त्यासाठी संस्था नोंदलेली असावी लागत नाही, वकील लागत नाही, स्वतः रुग्ण असण्याचीही अट नाही. अर्ज एकट्यानं करता येतो किंवा अनेकांनी मिळून.

आधी मागणी नीट ठरवा. ‘प्रत्येक पुरुषाची तपासणी करा’ असं लिहिलंत तर समितीसमोर आलेला पहिलाच डॉक्टर ती खोडून काढेल, आणि त्याचं चुकणार नाही. ग्रंथी वयानुसार वाढली किंवा तिला संसर्ग झाला तरी पीएसए चढतो. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की माणसाला आयुष्यभर त्रास देत नाहीत, पण उपचार केले तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. म्हणूनच अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटानं 2018 मध्ये 55 ते 69 वयोगटासाठी ‘डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा’ असा सल्ला दिला आणि सत्तरीनंतर नेमाने तपासणी नको म्हटलं. युरोपीय संघानं 2022 मध्ये प्रोस्टेटचा तपासणीच्या शिफारशीत समावेश केला, तोही टप्प्याटप्प्यानं. माझ्या मते आपली मागणी अशी असावी: वडील किंवा भावाला हा आजार झालेल्यांना आणि या वयोगटातल्या इच्छुकांना जिल्हा रुग्णालयात समुपदेशनासह पीएसए मोफत मिळावी, आणि आकडा जास्त आला तर एमआरआय व बायोप्सीची (ग्रंथीचा छोटा तुकडा काढून तपासण्याची) सोयही तिथेच ठरलेली असावी. पुढची सोय नसेल तर नुसत्या रक्ततपासणीनं माणूस घाबरून घरी बसतो.

मग अर्ज कुणाकडे? राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यसूचीत आहेत. रुग्णालयातल्या सोयींची मागणी म्हणून आमदारांकडे न्या. ते विधिमंडळात प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी मांडू शकतात. दोन्ही सभागृहांच्या विनंती अर्ज समित्याही आहेत. यंत्रसामग्री हवी असेल तर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती जवळची. राष्ट्रीय कार्यक्रमात प्रोस्टेटचा समावेश आणि संशोधनाचा निधी मात्र दिल्लीचा विषय. तिथेही एक मेख आहे: आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) आरोग्य संशोधन विभागाखाली येते, पण टाटा मेमोरियल सेंटर अणुऊर्जा विभागाखाली. अर्जात दोन्ही विभागांची नावं घ्या. पीएसए तपासणीवरचे मोठे अभ्यास युरोप-अमेरिकेत झाले आहेत. आपल्याकडे मुंबईची कॅन्सर रुग्णांची नोंदणी 1963 पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी 1987 पासून चालते; त्या पायावर भारतीय अभ्यास व्हावा, ही मागणी ठोस आहे.

लोकसभा आणि राज्यसभा दोन्हींच्या नियमांत याचिकेची सोय आहे. विषय सार्वजनिक हिताचा हवा, न्यायालयात प्रलंबित नको, आणि मुख्यतः केंद्राच्या अखत्यारीतला हवा. ठरावीक नमुन्यात, आदराच्या भाषेत लिहायचं आणि शेवटी नेमकी मागणी मांडायची. मराठीत लिहिलंत तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद सहीसह द्यावा लागतो. प्रत्येक अर्जदाराचं पूर्ण नाव, पत्ता, सही. लिहिता येत नसेल तर अंगठा. सह्यांची पानं वाढली तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी पुन्हा लिहा. पुष्कळदा इथेच चूक होते: आधी कोऱ्या कागदांवर सह्या गोळा होतात आणि मजकूर मागून येतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कुठलेच दस्तऐवज जोडायचे नसतात. रुग्णाचे रिपोर्ट तर मुळीच नकोत. आकडे आणि दाखले मजकुरातच आणा. याचिका खासदार सभागृहात सादर करू शकतात, मग त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. किंवा ती थेट महासचिवांकडे पाठवता येते. याचिकेच्या नियमांत न बसणारी निवेदनंही लोकसभेची याचिका समिती विचारात घेते, पण निनावी पत्रं नाहीत. मंत्र्यांना लिहिलेल्या पत्राची नुसती प्रत ‘माहितीसाठी’ धाडूनही उपयोग होत नाही. अध्यक्षांच्या किंवा सभागृहाच्या नावे स्वतंत्र निवेदन करा.

खासदारांना भेटताना मात्र एक पानाचं टिपण आणि तयार प्रश्न घेऊन जा. उदाहरणार्थ: ‘प्रोस्टेट कॅन्सरच्या संशोधनावर गेल्या तीन वर्षांत किती खर्च झाला आणि राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात त्याचा समावेश करण्याचा प्रस्ताव आहे का?’ प्रश्नाची सूचना साधारण 15 दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच भेट घ्या. लेखी उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर येतं. त्यातला आकडा पुढच्या अर्जात वापरा. समिती मंत्रालयाचं म्हणणं मागवते, वाटल्यास अर्जदारालाही साक्षीला बोलावते, म्हणून पत्ता आणि फोन बदलला तर समितीच्या कार्यालयाला लगेच कळवा.