बेळगाव भागात नेमबाजीचं पिस्तूल घेताना: परवाना, कागदपत्रं आणि निवड

पुतणीच्या नेमबाजीसाठी आम्ही धावपळ केली, तेव्हापासून निपाणी, खानापूर, बेळगावातले पालक फोन करून एकच विचारतात, "कुठलं पिस्तूल घेऊ?" मी उलट विचारतो, "१० मीटरचं की २५ मीटरचं?" कायद्याच्या वाटा तिथंच फुटतात. हे ठाऊक नसलं की माणूस एक तर उगाच घाबरतो, नाही तर नको तिथं पैसे घालून बसतो.

१० मीटरच्या स्पर्धेत एअर पिस्तूल वापरतात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीचं आणि २० जूलपर्यंत ताकदीचं हवेचं हत्यार घ्यायला परवाना लागत नाही. स्पर्धेची पिस्तुलं या मर्यादेच्या बरीच खाली असतात. दुकानदार मात्र ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद ठेवतो. आधार कार्डाची प्रत द्या, पावती पक्की घ्या आणि पिस्तुलाचा क्रमांक पावतीवर आहे का ते तिथंच वाचून बघा. बसमधून किंवा रेल्वेतून नेताना कोणी पेटी उघडायला लावली, तर तो कागदच बोलतो. मूल अल्पवयीन असेल तर खरेदी आई-वडिलांच्या नावावर करावी. परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवू नका. हवेच्या हत्यारांच्या आयातीवरही निर्बंध आहेत, माल कस्टममध्ये अडकतो. अधिकृत विक्रेता किंवा रायफल संघटना, याच दोन वाटा.

आता निवडीचं. रेंजवर ऐकू येणारी नावं ठरलेली: ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, जर्मनीची वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, इटलीचं पार्डिनी. सगळी उत्तम, त्याबद्दल वाद नाही. या सगळ्यांना दाबलेल्या हवेचा सिलिंडर लागतो, साधारण २०० बार दाबाचा. तो संपला की भरायचा कुठं, हा मोठ्या शहरातल्या माणसाला न पडणारा प्रश्न आपल्याला रोज पडतो. चिकोडीच्या पोराला हवा भरायला दर पंधरवड्याला कोल्हापूर गाठणं परवडत नाही. मग भरणीचा मोठा सिलिंडर किंवा हातपंप घ्यावा लागतो. तो खर्च पिस्तुलाच्या किमतीत आधीच धरायला हवा, आणि तो कोणी सांगत नाही.

कोल्हापूरच्या एका जुन्या नेमबाजाकडे आम्हाला बायकल आयझेएच-४६एम दिसलं, तेव्हा मी ते नावही ऐकलं नव्हतं. रशियातल्या इझेव्स्कच्या कारखान्याचं हे पिस्तूल. दिसायला ओबडधोबड, रंगरूप काही नाही, म्हणून पोरं त्याकडे वळून बघत नाहीत. त्याला सिलिंडरच नाही. नळीखालचा लांब दांडा पुढं ओढून परत मिटवायचा. त्या एका हालचालीत एका नेमापुरती हवा दाबली जाते. दर वेळी तेवढीच हवा, म्हणून छर्ऱ्याचा वेगही जवळपास सारखा. झटका जवळजवळ नाही. ट्रिगर नीट जुळवता येतो आणि छर्रा न घालता कोरडा सरावही करता येतो. किंमत वरच्या ब्रँडांपेक्षा पुष्कळ कमी.

उणिवाही खऱ्या आहेत. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० नेम असतात, त्याआधी सरावाचे वेगळे, आणि प्रत्येक वेळी दांडा ओढायचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा हात तिसाव्या नेमाला थरथरायला लागतो. पुढच्या बाजूला वजन जाणवतं. लाकडी मूठ मिळते तशी हाताला बसत नाही. ती कानसून, पुट्टी लावून आपल्या तळव्याची करून घ्यावी लागते. आमच्याकडे हे काम एका सुताराने दोन संध्याकाळी बसून केलं, आणि त्यानंतर पुतणीचं मनगट स्थिर राहायला लागलं.

माझं मत असं: हातात ताकद असलेल्या, पंधरा-सोळा वर्षांपुढच्या नेमबाजाला पहिलं पिस्तूल म्हणून चांगल्या अवस्थेतलं ४६एम मिळत असेल, तर मोठ्या नावाच्या जुन्या मालापेक्षा ते घ्यावं. लहान मुलानं क्लबचंच सिलिंडरवालं वापरावं. ६० नेमांत ५६० गुणांच्या पुढे सातत्य आलं की मग स्टायर-मोरिनीचा विचार.

जुन्या मालाचा अनुभव सांगतो. एका विक्रेत्याकडून आम्ही नामांकित ब्रँडचं वापरलेलं पिस्तूल आणलं. सिलिंडरवर छापलेली तारीख पाहिलीच नाही. सिलिंडरचं आयुष्य १० वर्षं धरतात आणि मुदतीची जबाबदारी खेळाडूचीच असते. स्पर्धेच्या तपासणीत ते अडलं आणि पोरगी रडत घरी आली. नवा सिलिंडर मागवण्यात पुढचे महिने गेले. म्हणून हातात घेताच आधी तारीख वाचा. तपासणीत आणखी बघतात ते असं: वजन १५०० ग्रॅमच्या आत, ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम, आणि पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे.

२५ मीटरला गोष्ट बदलते. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तो हाच प्रकार. इथं पॉइंट टू-टूचं, म्हणजे ५.६ मिलिमीटरचं काडतुसाचं पिस्तूल लागतं आणि ते कायद्यानं बंदूकच आहे. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवाना हवाच. अर्जदाराचं वय २१ पूर्ण पाहिजे. १२ वर्षांपुढची मुलं जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करू शकतात, पण तो सराव झाला, मालकी नव्हे.

अर्ज कुणाकडे करायचा ते पत्त्यावर ठरतं. बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडचे असाल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या बोलण्यातलं डीसी ऑफिस. अर्जाचा नमुना ए-१. तो केंद्राच्या एनडाल-अलिस या ऑनलाइन प्रणालीतून भरतात, आणि परवाना मिळाल्यावर तुमचा ओळख क्रमांकही त्यातच नोंदला जातो.

सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, राहण्याचा पुरावा, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरी ते कुलूपबंद ठेवण्याची हमी. डॉक्टरांचा दाखला एस-३ नमुन्यातच हवा. त्यात शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याबरोबर दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन नसल्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. साध्या लेटरहेडवरचं 'तब्येत ठीक आहे' चालत नाही. खेळासाठी मागत असाल तर राज्य संघटनेचं सदस्यत्व, भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचा शूटर आयडी, म्हणजे नेमबाजाचं ओळखपत्र, आणि स्पर्धांची गुणपत्रकं जोडा. ही राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर होते. मावळणकर नेमबाजी स्पर्धा ती त्यांच्याच नावाची. आपल्यासाठी त्या स्पर्धेचं गुणपत्रक हा अर्जातला वजनदार कागद ठरतो.

आपल्या भागातली खरी अडचण नावांची. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, नाडकचेरीचा, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कार्यालयाचा, रहिवासी दाखला कन्नडात, आधार इंग्रजीत. एका कागदावर आडनाव पुढं, दुसऱ्यावर मागं, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाची नुसती आद्याक्षरं. कॉलेज कोल्हापूरला झालं असेल तर पत्ताही दुसऱ्या राज्यातला. पोलीस चौकशीत फाईल परत येते ती बहुतेक याच कारणानं. अर्ज भरण्याआधी सगळे कागद शेजारी शेजारी मांडा, फरक दिसला तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि शक्य असेल तिथं मूळ नोंदच दुरुस्त करा. चौकशीला येणाऱ्या पोलिसाशी बोलायला घरात कन्नड नीट येणारं कोणी असलं तर काम सोपं होतं. जबाब कन्नडात लिहिला गेला तर वाचून समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

अर्जात परवाना कुठल्या क्षेत्रासाठी हवा हे विचारलेलं असतं. हा रकाना घाईत भरू नका. फक्त कर्नाटकापुरता परवाना घेतला तर पिस्तूल घेऊन महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडता येणार नाही, आणि आपल्या पोरांचा सराव तर कोल्हापूरच्या दुधाळी रेंजवर, स्पर्धा पुण्यात नाही तर दिल्लीत. खेळाचं कारण लिहून संपूर्ण भारताची वैधता मागा.

खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत बऱ्याच घरांत शेतीरक्षणाची बंदूक असते. त्या परवान्यावर खेळाचं पिस्तूल घेता येत नाही, परवान्याचं कारण वेगळं आणि हत्यारही वेगळं. कोडगूतल्या कोडव समाजाला परवान्यातून जी सूट आहे, तीही बेळगावकरांना लागू नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. नामांकित नेमबाजांना आणि आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना जादा हत्यारांची मुभा आहे, पण सुरुवातीला तो विषय येत नाही. याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची केली.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. स्पर्धा खेळणाऱ्यांना त्यातून सूट मागता येते, पण ती आपोआप मिळत नाही. आदेश निघताच शूटर आयडी आणि येत्या स्पर्धेच्या प्रवेशाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोचेचा शिक्का मारून घ्या.