85 टक्क्यांची रेघ कुठून आली?

किशोरवयीन अ‍ॅनोरेक्सियात (जाड होण्याच्या भीतीने खाणे घातक प्रमाणात कमी करण्याचा आजार) आज आधी सुचवल्या जाणाऱ्या उपचारात जेवणाची सूत्रे सुरुवातीला आई-वडिलांच्या हाती देतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले नामवंत डॉक्टर नेमके उलट सांगत: मुलीला घरच्यांपासून दूर ठेवा. 1987 साली लंडनमधल्या 80 रुग्णांच्या चाचणीत, 19 वर्षांच्या आत सुरू झालेल्या आणि तीन वर्षांहून जुन्या नसलेल्या आजारात, कुटुंबासह केलेला उपचार सरस ठरला.

त्याच वर्षी अमेरिकी निदानसूचीही (मानसिक आजार कोणत्या अटींवर ओळखायचे याची यादी) बदलली. त्या बदलाची किंमत मुले अजून मोजत आहेत.

1980 च्या सूचीत अट होती मूळ वजनात 25 टक्के घट. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी, वाढीच्या तक्त्यानुसार जे वजन वाढायला हवे होते तेही या घटीत धरता येई. अट कडक होती, ती सैल करणे योग्यच होते. पण 1987 मध्ये मोजमापच बदलले: वजन अपेक्षेपेक्षा 15 टक्क्यांनी कमी, म्हणजे अपेक्षित वजनाच्या 85 टक्के, हवे. मुलीची तुलना आता स्वतःशी नव्हे, तक्त्याशी. पाळी थांबण्याची अटही आली. 1994 मध्ये 85 टक्के हा आकडा उदाहरण म्हणून दिला होता, तरी व्यवहारात तो उंबरठाच झाला.

समजा, मुलीचे वजन त्या वयाच्या व उंचीच्या मध्यकाच्या (तक्त्यातल्या अगदी मधल्या वजनाच्या) 130 टक्के होते आणि सहा महिन्यांत 98 टक्क्यांवर आले. म्हणजे पाव वजन गेले. नाडी पन्नासच्या खाली, उभे राहताच चक्कर. तरी तक्ता म्हणतो ‘नॉर्मल’, आणि घरी-शाळेत कौतुक चालू. 2013 मध्ये पाळीची अट आणि 85 चा आकडा दोन्ही गेले. मात्र अशा मुलींना ‘अटिपिकल’ (नेहमीच्या नमुन्यात न बसणारा) म्हणून वेगळ्या खान्यात टाकले. हा शब्द घातक आहे, कारण ऐकणाऱ्याला आजार सौम्य वाटतो. तो सौम्य नसतो.

टार्गेट वजन, म्हणजे उपचारात गाठायचे वजन, ठरवताना हीच चूक पुन्हा होते. मध्यक गाठला की उपचार आवरते घेतले जातात. खरे तर आजारापूर्वीच्या वजन-उंचीच्या जुन्या नोंदी काढून मुलीची स्वतःची पर्सेंटाइलची रेघ (त्या वयाच्या शंभर मुलींत तिचा क्रमांक कितवा, ते दाखवणारी) पाहायची आणि ती पुढे वाढवायची. वय वाढते तसे टार्गेटही सरकते, म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी ते पुन्हा काढावे लागते. भारतीय मुलांसाठी 5 ते 18 वर्षांचे सुधारित तक्ते 2015 पासून आहेत. अडचण नोंदींची असते: लसींची फाइल बंद झाली की बहुतेक घरांत वजन-उंची लिहिणे थांबते. मग शाळेचे आरोग्य कार्ड शोधावे.

वजन भरले तरी ‘मी जाड दिसते’ ही तगमग बरेच महिने मागे राहते. त्या काळात जेवणावरची देखरेख काढून घेतली, तर वजन पुन्हा घसरू लागते.