मालधक्क्याचं सायडिंग आणि अमेरिकेची लढाई

खान्देशात जुन्या मालधक्क्याजवळ गवतात बुडालेलं सायडिंग, म्हणजे मेन लाइनला जोडलेला बाजूचा रूळ, दिसलं की कोणीतरी हमखास सांगतो, "अमेरिकेत लढाई पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून साहेबाने घाईघाईत रूळ टाकले." ऐकायला झकास, पण तारखा जुळत नाहीत.

अमेरिकेतलं यादवी युद्ध एप्रिल 1861 मध्ये सुरू झालं. मुंबई-ठाणे गाडी त्याच्या 8 वर्षं आधी धावली होती आणि खान्देशाच्या वाटेवरच्या थळ (कसारा) घाटाचं कामही लढाईआधीच सुरू होतं. कापसावर डोळा होताच, पण तोही लढाईच्या आधीपासून. गंमत म्हणजे घाटातला मार्ग खुला झाला 1 जानेवारी 1865 रोजी, आणि एप्रिलमध्ये लढाईच संपत आली! तोवर खान्देशातला माल सलग रेल्वेने मुंबईला पोचूच शकत नव्हता; घाट बैलगाडीनेच उतरायचा.

मग सायडिंग कशाला? कारण साधं आहे. वॅगन भरायला तास न् तास लागतात, तेवढा वेळ मेन लाइन अडवून चालत नाही. जिन-प्रेसमधून, म्हणजे सरकी काढून कापूस दाबणाऱ्या कारखान्यातून, बांधून आलेल्या रुईच्या गाठी बाजूच्या रुळावर निवांत चढवायच्या. सैल रुई नेणं म्हणजे वॅगनभर हवाच नेणं.