शिफारस आणि प्रत

मराठीत पुस्तकांची शिफारस सर्वाधिक झाली ती वाचनालयांत. पुस्तकांची मोठी दुकानं मुंबई-पुण्याला. बाकीच्या गावांना वाचायची सवय लावली ती वाचनालयांनी. रत्नागिरीत १८२८ साली, नाशकात १८४० साली आणि पुण्यात १८४८ साली वाचनालयं निघाली, पण सुरुवातीच्या त्या काळात मान इंग्रजी ग्रंथांना होता. मराठी ग्रंथांचाच संग्रह करायचा, या निश्चयाने वि. ल. भावे यांनी सहकाऱ्यांसह १८९३ मध्ये ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. पाच वर्षांनी मुंबईतही मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं.

पुस्तकांवर लिहिलं जात होतं ते त्याही आधीपासून. १८६७ मध्ये निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाने ग्रंथपरीक्षणाला भरपूर जागा दिली. पण परीक्षण हा जाणकाराचा निवाडा. ‘हे न्या, हातातून सुटणार नाही’ असं एका सभासदाने दुसऱ्याला सांगणं घडे ते देवघेवीच्या टेबलापाशी. परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा कपाटात जाण्याआधीच लोक त्यात हात घालत. कुणीतरी नुकतं वाचून आणलंय, एवढी ओळख पुरे असे. मग शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहायची. शिक्क्यांनी ती भरलेली असेल तर पुस्तक घरी आलंच. समासात पेन्सिलीने ‘अवश्य वाचा’ लिहिणाऱ्यांवर ग्रंथपाल चिडत, आणि ते बरोबरच होतं. तरी त्या अनोळखी अक्षरावर भरवसा ठेवून अनेकांनी पुस्तकं नेली. इथे शिफारस आणि प्रत एकाच टेबलावर असत, हे मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. त्याच्या थोडं आधी, जानेवारी १९६४ मध्ये, गिरगावातल्या मॅजेस्टिक या पुस्तकांच्या दुकानाच्या केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ मासिक सुरू केलं. नवं काय छापून आलं, कोणता लेखक सध्या काय लिहितोय, वाचकांना कोणती पुस्तकं आवडली, ही माहिती त्यामुळे दूरच्या तालुक्यातही दरमहा पोचू लागली. ‘ठणठणपाळ’ या नावाने जयवंत दळवी त्यात जे लिहीत, त्यासाठीच अंक उघडणारेही पुष्कळ होते. वाचनालयाच्या खरेदी-यादीत कुठलं पुस्तक घालायला सांगायचं, हे सभासदाला आता अंक पाहून ठरवता येई.

प्रत हाती येण्याचा प्रश्न मुळापासून हाती घेतला तो ‘ग्रंथाली’ने. १९७४ च्या अखेरीस दिनकर गांगल आणि त्यांचे सहकारी एकत्र आले, तेच वाचक चळवळ म्हणून. वाचकांनी आधी सभासद व्हायचं, त्या बळावर पुस्तकं काढायची आणि सभासदांना ती सवलतीत द्यायची, अशी ती रीत. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं, पाठोपाठ लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. ज्यांचं जगणं मध्यमवर्गीय घरांच्या कपाटात कधी आलं नव्हतं, त्यांची पुस्तकं तिथे पोचली आणि घराघरांत त्यांवर कडाक्याचे वाद झाले. माझ्या मते मराठी वाचकांनी एकमेकांसाठी केलेलं हे सर्वांत मोठं काम आहे.

पुढे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेने पुस्तकांच्या पेट्याच वाचकांच्या गटांकडे धाडल्या. एका गटाचं वाचून झालं की पेटी पुढच्या गटाकडे जाते. दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी कुटुंबांनाही अशा पेट्या मिळाल्या आहेत. मे २०१७ पासून पाचगणीजवळच्या भिलार गावात घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत. कुणीही यावं, बसावं, वाचावं.

आता फोनवर दिवसाला दहा पुस्तकांची नावं कळतात, मुखपृष्ठांसकट. शिफारशींना तोटा नाही. अडतं ते पुढे. मराठी पुस्तकाची आवृत्ती वर्षानुवर्षं हजार प्रतींच्या आसपासची, आता कित्येकदा त्याहूनही लहान. ती संपली की पुनर्मुद्रण होईलच याची खात्री नसते. अशा वेळी कुणी भरभरून सुचवलेलं जुनं पुस्तक बहुधा एखाद्या तालुक्याच्या वाचनालयातच सापडतं, आणि तिथल्या सभासदाला ते आपल्या नावावर काढून दुसऱ्याला वाचायला देता येतं.