पुढच्या विंडोजकडून मराठीची अपेक्षा: थोडी पार्श्वभूमी

विंडोजची नवी आवृत्ती येणार अशी कुणकुण लागली की चर्चा सुरू होते ती वेगाची आणि रंगरूपाची. मराठीत रोज लिहिणाऱ्यांची उत्सुकता मात्र पहिल्यापासून एकाच गोष्टीची आहे: यात आपली अक्षरं नीट उमटतील ना?

विंडोज ९५ च्या काळात मराठी टायपिंग म्हणजे डीटीपीचं, छपाईसाठी पानं लावणाऱ्यांचं काम. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. मजकुराची फाइल दिली की फॉन्टही सोबत द्यावा लागे. तो नसला तर समोरच्याला नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसे. खरं तर प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, आणि तिचा क्रम ‘इस्की’ या भारतीय मानकावरूनच घेतलेला होता. पण क्रमांक मिळून काम भागत नाही.

‘विद्यार्थी’ हाच शब्द घ्या. संगणकात तो व, ि, द, ्, य, ा, र, ्, थ, ी असा साठवला जातो. पडद्यावर दाखवताना वेलांटी ‘व’च्या आधी न्यावी लागते, द-य जोडावे लागतात आणि ‘र’चा रफार करून तो ‘थी’च्या डोक्यावर ठेवावा लागतो. ही जुळणी करणारी यंत्रणा ऑपरेटिंग सिस्टिममध्येच लागते. विंडोज २००० मध्ये ‘युनिस्क्राइब’ नावानं ती आली. सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट होता आणि भाषांच्या यादीत हिंदी, संस्कृत, कोकणीबरोबर मराठी होती. मराठी संगणकाच्या इतिहासात मला याहून मोठी घटना दिसत नाही.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००१ मध्ये, विंडोज एक्सपी घरोघरी पोचली. तिच्यात हे सगळं होतं, पण झाकलेलं. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रादेशिक भाषांच्या पानावर एका चौकोनात टिचकी मारायची, मग संगणक एक्सपीची सीडी मागणार. सायबर कॅफेत किंवा कचेरीत ती सीडी कुठून आणायची? त्याच संगणकावर मराठी पान उघडलं की वेलांट्या भलत्या जागी, जोडाक्षरं सुटलेली. मराठी वाचता येणं एका सीडीवर अडून राहावं, हे आजही मनाला लागतं.

म्हणून ‘लाँगहॉर्न’ या सांकेतिक नावानं पुढची आवृत्ती घडत होती, तेव्हा आपल्याला हवं होतं ते अगदी साधं. बाकी जगाचं लक्ष फायली साठवण्याच्या ‘विनएफएस’ या नव्या पद्धतीकडे होतं. २००४ मध्ये ती बाजूला ठेवावी लागली आणि बरंच काम नव्यानं सुरू झालं. जानेवारी २००७ मध्ये ती आवृत्ती ‘व्हिस्टा’ म्हणून बाजारात आली. तिला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले. पण तिच्यात देवनागरी पहिल्या दिवसापासून, काही न मागता, नीट दिसत होती. मी तिला त्यासाठी कायम मानतो.

त्यानंतरच्या सुधारणा थेंबाथेंबानं आल्या. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. विंडोज ८ बरोबर ‘निर्मला’ फॉन्ट आला. २०१९ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनं उच्चारानुसार मराठी लिहिण्याचा कीबोर्ड दिला आणि इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी न शिकलेल्यांची सोय झाली.

राहिलं आहे ते बारीक, पण आपलं. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची वळणं. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये तीच प्रमाण मानली. ‘मंगल’मध्ये मात्र हिंदी वळण दिसतं. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवता येतात, पण समोरचा मजकूर हिंदी नसून मराठी आहे हे फॉन्टला कळवावं लागतं. ते काम ऑपरेटिंग सिस्टिमनं आणि त्यावरच्या प्रत्येक प्रोग्रॅमनं न चुकता करावं, एवढीच पुढच्या आवृत्तीकडून माझी अपेक्षा आहे.

नवी आवृत्ती हाताशी आली की मी आधी नोटपॅड उघडतो आणि एकाखाली एक ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहितो. मग ‘शाल’ लिहून अक्षरं मोठी करून बघतो.