पितळ तेच, काडतूस वेगळं: पुंगळीचं कॅलिबर बदलण्यामागचा इतिहास

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैनिकांनी युरोपातून ८×५७ माउझर आणि पॅसिफिकमधून ७.७ अरिसाका रायफली घरी नेल्या. शिकारीला त्या उत्तम होत्या, अडचण काडतुसांची होती. जपानी ७.७ चं काडतूस मिळणं दुरापास्त, तर अमेरिकी सैन्याच्या .३०-०६ काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या (दारू आणि गोळी धरणारी पितळी नळकांडी) चांदमारीच्या मैदानांवर ढिगाने पडलेल्या. घरच्या प्रेसवर, म्हणजे पुंगळी साच्यात दाबायच्या हातयंत्रावर, एका कॅलिबरच्या (मापाच्या) पुंगळीतून दुसऱ्याची पुंगळी घडवण्याचं काम त्या काळात घरोघरी पोचलं.

हे जमलं ते बुडामुळे. पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारं अरुंद तोंड, आवळता येते, खांदा (अंगापासून मानेकडचा उतार) मागे ढकलता येतो, जादा लांबी कापता येते. बूड मात्र जसं आहे तसंच राहतं. .३०-०६ च्या बुडाची कड १२ मिमी, म्हणजे माउझरचीच. अरिसाकाचं अंग बुडाशी किंचित जाड असतं, त्यामुळे .३०-०६ मधून केलेली पुंगळी पहिल्या बाराला बुडाच्या जरा वर फुगते. म्हणून पहिला बार हलक्या दारूचाच ठेवायचा.

कल्पना त्याहून जुनी आहे. १८७१ च्या मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश रायफलीचं .५७७/४५० काडतूस म्हणजे आधीच्या .५७७ स्नायडर रायफलीच्या पुंगळीचं लांब करून मान आवळलेलं रूप. नावातच दोन्ही मापं आहेत. या घराण्याचा एक धागा थेट हिंदुस्थानात येतो. .४५० च्या गोळ्या बंडखोरांच्या मार्टिनींना उपयोगी पडतील या भीतीने १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने इथे त्या कॅलिबरवर बंदी आणली. मग लंडनच्या कारखानदारांनी .५०० च्या पुंगळीची मान आवळून .५००/४६५ सारखी काडतुसं काढली, आणि वाघ-गव्याच्या शिकारीला तीच रूढ झाली. (आज भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही.)

.३०-०६ पासून ८×५७ करताना लांबी ६३.३ मिमीवरून ५७ वर आणायची असते. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढून पुंगळी धुवायची, अंगाला वंगणाचा पातळ हात द्यायचा आणि डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, सावकाश दाबायची. वंगण कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकते आणि उपसताना कड तुटून हातात येते. जास्त झालं तर ते खांद्याशी साचून पितळाला खळगा पाडतं. मग डायवर आलेला भाग बारीक दात्यांच्या करवतीने कापायचा, ५६.८ मिमीपर्यंत घासायचा, तोंडाची आतली-बाहेरची कड मोडायची.

खरी मेख पुढे आहे. नवी मान जिथे तयार होते, तिथे आधी खांदा आणि अंग होतं, आणि तिथलं पितळ जाड असतं. जाड मान चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) घट्ट बसली तर बार होताना तिला फैलावायला जागा उरत नाही, गोळी आवळली जाते आणि दाब धोकादायक वाढतो. म्हणून मान आतून रीम करायची (खरवडून पातळ करायची) किंवा बाहेरून सोलायची. तपासणी सोपी आहे: त्याच रायफलीतून झाडलेल्या पुंगळीच्या मानेत नवी गोळी सहज सरकली पाहिजे. आणि गोळी कुठली तेही बघायचं. जुन्या १८८८ च्या ८ मिमी नळीला ८.०८ मिमीची लागते, १९०५ नंतरच्या नळीला ८.२० ची. जुन्या नळीत नवी गोळी घालणं जिवावर बेतू शकतं.

ठोकून कडक झालेलं भांडं तापवून नरम करायचं, हे तांबटाला सांगावं लागत नाही. पुंगळीचं पितळही तसंच. घडवल्यावर मान तापवली नाही तर दोन-चार बारांत ती उभी चिरते. पुंगळ्या पाण्यात उभ्या करून फक्त मानेला ज्योत द्यायची, लालभडक होऊ द्यायची नाही. बूड नरम पडलं तर ती पुंगळी फेकून द्यावी, कारण सगळा दाब तेच पेलतं.

लांबीपेक्षा खांद्याची जागा महत्त्वाची, हे .३०-०६ चीच भावंडं शिकवतात. १९०३ च्या .३०-०३ ची पुंगळी ६४.५ मिमी होती. १९०६ मध्ये टोकदार गोळी आली आणि मान १.२ मिमीने कमी झाली. १९२५ च्या .२७० विंचेस्टरने मात्र जुनी लांबी ठेवली. त्यामुळे .३०-०६ आवळून केलेली .२७० मानेत आखूड निघते, तरी चालते, कारण खांदा जागेवर असतो. १९५७ च्या .२८० रेमिंग्टनचं तसं नाही. ते चुकून .२७० च्या चेंबरमध्ये बसू नये म्हणून त्याचा खांदा १.२७ मिमी पुढे नेला आहे. .३०-०६ ची मान नुसती .२८० च्या ७ मिमी गोळीच्या मापाला आवळली तर चेंबरमध्ये खांद्यापुढे तेवढी पोकळी राहते, आणि बाराच्या वेळी पुंगळी ताणून बुडाच्या वर फाटते. उपाय असा: मान आधी मोठ्या मापाला फुगवायची, मग .२८० च्या डायमध्ये थोडी-थोडी आवळत बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) हलका अडून बंद होईल तिथे थांबायचं. मानेचा न आवळलेला रुंद भाग पायरीसारखा राहतो, आणि ती पायरीच पहिल्या बाराला पुंगळी धरून ठेवते.

फाटण्याची खूण बाहेर उशिरा दिसते, बुडाच्या वर एक चकचकीत वळं म्हणून. आत ती आधी हाताला लागते. तारेचं टोक वाकवून आतल्या भिंतीवरून बुडाकडे फिरवायचं. खाच जाणवली की पुंगळी भंगारात.